कंत्राटदार जोतीराव आणि आपले ‘भाऊ’

परवा रात्री भाच्याचा फोन आला. “जय भीम, मामा. जेवण झालं का?” एवढ्या सावकाश सुरुवात केली म्हणजे काहीतरी विचारायचं आहे, हे मी ओळखलं. भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. आमच्या अख्ख्या खानदानातला पहिला. डिग्री घेऊन दोन वर्षं झाली, स्पर्धा परीक्षेचे दोन प्रयत्न झाले, आणि आता घरात बहिणीच्या तोंडावरची काळजी त्याला बघवत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावात एक ‘भाऊ’ आहेत. रस्त्यांची, नाल्यांची कंत्राटं घेतात. आता त्यांना नगराध्यक्ष व्हायचं आहे. त्यांनी भाच्याला बोलावून घेतलं. साइट इंजिनिअर म्हणून महिना अठरा हजार, आणि निवडणूक होईपर्यंत आपल्या वस्तीतल्या पोरांचं काम बघायचं. भाच्याचं मन अर्धं तयार होतं. उरलेलं अर्धं त्याला माझ्याकडून हवं होतं.

“मामा, त्यांच्याकडं स्वतःचाच पैसा आहे. त्यांना खायची काय गरज? अभ्यासिका बांधून दिली, जयंतीला मोठी वर्गणी देतात, रात्री-अपरात्री ॲम्ब्युलन्स पाठवतात.” मी गप्प राहिलो. मग त्यानं राखून ठेवलेलं शेवटचं वाक्य टाकलं. “आणि मामा, जोतीराव फुलेसुद्धा कंत्राटदारच होते ना?”

मी म्हणालो, “होते. उद्या बोलतो.” फोन ठेवला, पण झोप लागली नाही. हा लेख म्हणजे भाच्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. त्याच्यासारखी हजारो पोरं-पोरी आज ह्याच वळणावर उभी आहेत, म्हणून ते इथं देतो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्या माणसानं धंदा करू नये, कंत्राट घेऊ नये, पैसा कमवू नये, असं मला अजिबात म्हणायचं नाही. धंद्याची दारं आपल्याला जातीनं बंद केली होती. उधारी देणारा सावकार, माल देणारा घाऊक व्यापारी, बिल पास करणारा साहेब, हे सगळे एकमेकांच्या नात्यातले आणि आपण बाहेरचे. त्यामुळे आपल्यातलं कुणी कंत्राटदार झालं तर मला आनंदच होईल. पण माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडत होते, आणि नंतर बरीच वर्षं एका कंत्राटदाराकडे. हजेरीपटावर त्यांचा अंगठा असायचा. त्या कागदावर किती दिवस लिहिलेत आणि हातात किती दिवसांचे पैसे पडलेत, हे त्यांना वाचता येत नव्हतं. आईला मात्र हिशेब तोंडपाठ होता. सहा दिवस भरले, चार दिवसांचे आले, असं ती बोटं मोडून सांगायची. त्यामुळे ‘कंत्राटदार’ हा शब्द माझ्या कानाला अजूनही टोचतो, हेही कबूल करतो.

मी नोकरीनिमित्त कोलकात्यात असतो, खिदिरपूरला भाड्यानं राहतो. हे गोदीचं गाव. इथली गोदी १८९२ साली सुरू झाली. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले हमाल, गाडीवाले, खलाशी, भंगारवाले, शिंपी ह्यांची ही वस्ती. संध्याकाळी मी कधी कधी गार्डन रीचच्या बाजूला चालत जातो. तिथं हुगळीच्या काठावर सुरीनाम घाट आहे. ह्या काठावरून एकोणिसाव्या शतकात जहाजं सुटायची, थेट दक्षिण अमेरिकेला. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना कायद्यानं मोकळं करावं लागलं, तेव्हा उसाच्या मळेवाल्यांना नवे हात हवे होते. १८३८ साली पहिली दोन जहाजं कलकत्त्याहून ब्रिटिश गयानाला गेली. पुढं १९१७ पर्यंत एकट्या गयानात सुमारे २ लाख ३९ हजार माणसं नेली गेली. बहुतेक सगळी ह्याच बंदरातून. शेजारच्या डच वसाहतीत, म्हणजे आजच्या सुरीनामला, जाणारं पहिलं जहाज ‘लल्ला रूख’ १८७३ च्या फेब्रुवारीत इथून निघालं. आता घाटावर ‘माई-बाप’ नावाचं स्मारक आहे. बोचकं घेतलेलं एक जोडपं. २०१५ साली सुषमा स्वराज यांनी त्याचं उद्घाटन केलं.

त्या माणसांना ‘गिरमिटिया’ म्हणतात. गिरमिट म्हणजे ॲग्रीमेंट, म्हणजेच कंत्राट. पाच वर्षांचं कंत्राट, अंगठा लावून. कंत्राटात काय लिहिलंय ते वाचता येणारे त्यात फार थोडे. प्रत्येकाच्या प्रवासपत्रावर नाव, बापाचं नाव, गाव आणि जात, असे रकाने असायचे. समुद्र ओलांडला तरी जातीचा रकाना भरल्याशिवाय जहाजावर चढता येत नव्हतं.

हे सगळं भाच्याच्या प्रश्नाशी कसं जोडलेलं आहे, ते सांगतो. त्या गयानात आज सुमारे ४० टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत, आणि तिथं १ सप्टेंबर २०२५ ला निवडणूक झाली. अझरुद्दीन मोहम्मद नावाचा एक तरुण व्यापारी त्यात उतरला. घरचा धंदा सोन्याचा. बापाच्या नावाची मोठी पेढी. महागड्या गाड्यांचा शौक. आणि सोबत दानधर्माची ख्याती. कुणाला घर बांधून दे, कुणाचा दवाखाना कर. निवडणुकीच्या काही महिने आधी त्यानं पक्ष काढला, आणि ६५ जागांच्या संसदेत १६ जागा जिंकून तो पक्ष थेट दुसऱ्या क्रमांकावर आला. वर्षानुवर्षं तिथल्या राजकारणात ठाण मांडून बसलेला जुना विरोधी पक्ष मागं पडला.

ह्याच माणसावर, त्याच्या वडिलांवर आणि त्यांच्या पेढीवर अमेरिकेच्या सरकारनं २०२४ च्या जूनमध्ये निर्बंध घातले होते. आरोप असा की दहा हजार किलोंपेक्षा जास्त सोनं कागदावर न दाखवता पाठवलं आणि ५ कोटी डॉलरहून अधिक कर बुडवला. बापलेकांनी हे आरोप नाकारले आहेत. निकाल कोर्टात लागेल तो लागेल. मला वेगळी गोष्ट दिसते. गयानाच्या समुद्रात तेल सापडलं, देशाच्या तिजोरीत पैशाचा पूर आला, तरी ज्याच्या दारात सरकार पोचलं नाही त्याच्या दारात हा माणूस पोचला. म्हणून लोकांनी मत दिलं. त्या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. आमच्या वस्तीत रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स पाठवणाऱ्या भाऊंना मत देणाऱ्या बाईलाही मी मूर्ख म्हणत नाही. पण प्रश्न उरतोच. समजा तो आरोप खरा ठरला, तर न भरलेल्या कराचा पैसा कुणाचा होता? ज्याला घर बांधून मिळालं, त्याचाच. आधी त्याच्याच खिशातून गेला आणि मग उपकार होऊन परत आला, तोही थोडासा.

दक्षिण अमेरिकेत अशा व्यापारी-पुढाऱ्यांची रांगच आहे. चिलीचे सेबास्तियान पिन्येरा क्रेडिट कार्डाच्या धंद्यातून आणि विमान कंपनीतल्या हिश्शातून अब्जाधीश झाले आणि दोनदा राष्ट्राध्यक्ष झाले. देश कंपनीसारखा शिस्तीत चालेल असं लोकांना वाटलं. २०१९ साली मेट्रोचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं. शाळा-कॉलेजच्या पोरांनी तिकिटाच्या फाटकांवरून उड्या मारायला सुरुवात केली, आणि बघता बघता लाखो लोक रस्त्यावर आले. अर्जेंटिनाचे मौरिसियो माक्री मोठ्या उद्योगपतीचे चिरंजीव, आधी बोका ज्युनियर्स ह्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष, मग राजधानीचे महापौर, मग राष्ट्राध्यक्ष. धंद्यातला माणूस अर्थव्यवस्था सावरेल म्हणून निवडून दिला, आणि २०१८ साली देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभा राहिला. इक्वेडोरमध्ये केळीच्या धंद्यातले आल्वारो नोबोआ राष्ट्राध्यक्षपदाला पाच वेळा उभे राहून पाचही वेळा पडले. त्यांचा मुलगा डॅनियल २०२३ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी निवडून आला. बापाचा पैसा, बापाचं नाव आणि पोराचा ताजा चेहरा. आपल्याकडच्या कारखान्यांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या घराण्यांना हे शिकवायला नको.

ह्या सगळ्यांच्या प्रचारातलं मूळ वाक्य एकच असतं, आणि भाच्यानं मला तेच ऐकवलं. ह्यांच्याकडे आधीच पैसा आहे, ह्यांना खायची गरज नाही.

आता जोतीरावांकडे येऊ. भाच्यानं नाव घेतलंच आहे तर नीट घेऊ. आपण जोतीरावांना फेट्यातल्या फोटोत बंद करून ठेवलं आहे. शाळा, हौद, सत्यशोधक समाज एवढं सांगितलं की भाषण संपतं. त्यांचा धंदा आपण फारसा सांगत नाही. पण १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं, तेव्हा त्याखाली स्वतःची ओळख काय लिहिली? व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, पुणे. समाजसुधारक असं लिहिलं नाही. आपला धंदा आणि नगरपालिकेतलं आपलं पद, दोन्ही त्यांनी एका ओळीत उघड मांडलं.

१८४८ साली मुलींची शाळा काढली आणि पुढच्या वर्षी बापाचं घर सोडावं लागलं. सावित्रीबाईंना घेऊन बाहेर पडलेल्या त्या तरुणाला पोटापाण्याचा प्रश्न आपल्यासारखाच होता. सरकारी नोकरी धरून गप्प बसण्याची वाट होती. त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहायची वाट धरली. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याची एजन्सी घेतली. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या कामात उतरले. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याच्या धरणाचं काम ह्यांच्याशी त्यांचं नाव जोडलं जातं. दगड, चुना, मजूर पुरवायचे. मांजरीला शेती केली, कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला घेतला. म्हणजे आज ज्याला आपण ‘सक्सेसफुल’ म्हणतो तसा हा माणूस होता.

मग फरक कुठं पडला? मला वाटतं, कामाच्या जागेवर त्यांनी जे पाहिलं त्याचं त्यांनी काय केलं, इथं पडला.

सरकारी कामाचं कंत्राट घेणाऱ्याला सगळं दिसतं. अंदाजपत्रक कसं फुगतं, मोजमाप कुठं चोरलं जातं, कारकुनाचा हात कुठं ओला होतो, मजुराचा दिवस कुठं गायब होतो. बहुतेक कंत्राटदार हे पाहतात आणि त्यात आपला वाटा कसा काढायचा ते शिकतात. जोतीरावांनी ते लिहून ठेवलं. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सरकारी खात्यांत एका जातीची मक्तेदारी झाली की अडाणी शेतकऱ्याला कागदावर कसं नागवलं जातं, कालव्याच्या पाण्यासाठी त्याला कसं नाडलं जातं, इंजिनिअर खात्याचा कारभार कसा चालतो, हे त्यात आहे. नुसत्या तक्रारीही नाहीत. डोंगरावरून वाहून जाणारी माती अडवायला बंधारे घाला, तळी बांधा, रिकाम्या बसलेल्या पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या माणसांचे हात ह्या कामाला लावा, अशा सूचना आहेत. दगड-चुन्याचा हिशेब ज्याला ठाऊक आहे, त्यालाच असं सुचतं. धंद्यातून आलेलं ज्ञान त्यांनी ज्यांच्या घामावर धंदा चालतो त्यांच्या हातात परत दिलं.

१८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. हेही लक्षात घ्या की ते निवडून आले नव्हते, सरकारनं नेमलेले सदस्य होते. ज्याला सरकारनं खुर्ची दिली, जो सरकारी कामांवर धंदा करणाऱ्यांपैकी होता, त्यानं सरकारच्या हो ला हो म्हणावं, ही अपेक्षा असणारच. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. हे तेच लिटन, ज्यांनी १८७८ साली देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला. त्यांच्या स्वागताला शहर सजवण्यासाठी एक हजार रुपये खर्च करायचा ठराव नगरपालिकेत आला. सगळे तयार. जोतीरावांचं म्हणणं, हा पैसा शिक्षणावर खर्च करा. मतदानाला ठराव आला तेव्हा विरोधात एकटे जोतीराव होते. कंत्राटदार माणसाला व्हाइसरॉयची नाराजी काय भावात पडू शकते, ह्याचा विचार करून पाहा.

दारूच्या दुकानांचंही तसंच. १८८० साली शहरात दारूची दुकानं वाढत होती. जोतीरावांनी नगरपालिकेला पत्र लिहून हरकत घेतली. दारूतून सरकारला उत्पन्न मिळतं हे त्यांना ठाऊक होतं. त्या उत्पन्नाची खरी किंमत कुणाच्या घरात मोजली जाते, हेही ठाऊक होतं.

आणि मंडई. पुण्यात भाजीबाजारासाठी मोठी इमारत बांधायचा घाट घातला गेला. त्या खर्चाला त्यांनी विरोध केला. इमारत झालीच, १८८६ साली, गव्हर्नर रे ह्यांच्या नावानं रे मार्केट. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचं नाव बदलून महात्मा फुले मंडई झालं. ज्या खर्चाला ते ‘नको’ म्हणाले, त्याच इमारतीवर आज त्यांचं नाव आहे. नाव द्यायला आपल्याला आवडतं. ‘नको’ म्हणालेलं आठवायला आवडत नाही.

मंडईची ही गोष्ट मला खिदिरपूरमध्ये राहून जास्त कळली. इथला ऑर्फनगंज बाजार जुना आहे. २०२५ च्या जूनमध्ये त्याला मोठी आग लागली, शेकडो दुकानं जळाली. मी ज्याच्याकडून कांदे-बटाटे घ्यायचो, त्याचा गाळाही गेला. नवीन बाजार बांधू, अशी घोषणा लगेच झाली. त्याला मी म्हटलं, चांगलं झालं की, पक्का गाळा मिळेल. तो म्हणाला, “बाबू, बिल्डिंग तो बनेगी. हमको मिलेगी क्या?” किती गाळे, कुणाला, किती भाड्यानं, तोवर बसायचं कुठं. मोठ्या बांधकामाची घोषणा झाली की टोपलीवाल्याच्या मनात हे प्रश्न येतात आणि कंत्राटदाराच्या मनात वेगळे. जोतीराव स्वतः फुलं-भाज्या पिकवणाऱ्या घरातले. कंत्राटाच्या बाजूनं विचार करणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी टोपलीच्या बाजूनं केला.

त्यांच्या सोबतच्या पैसेवाल्यांकडेही बघा. मुंबईतले तेलुगू कंत्राटदार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळाजी कालेवार, हे सत्यशोधक चळवळीचे आधारस्तंभ होते. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून समाजाला बाराशे रुपयांचा छापखाना दिला. बाराशे रुपयांत तेव्हा किती जेवणावळी उठल्या असत्या! त्यांनी छापखाना दिला, कारण जेवण दुसऱ्या दिवशी संपतं आणि छापलेला कागद देणाऱ्यालाही उद्या प्रश्न विचारू शकतो. दान आणि चळवळीला दिलेला पैसा ह्यांतला फरक मला असा समजतो. भाऊंनी अभ्यासिका दिली. त्या अभ्यासिकेत बसून शिकलेलं पोर भाऊंना त्यांच्या कामाचं मोजमाप विचारू शकतं का? शकत असेल तर अभ्यासिका खरी. विचारल्यावर दुसऱ्या दिवशी कुलूप लागत असेल, तर ती अभ्यासिका नाही, प्रचार कार्यालय आहे.

आणि शेवट. जोतीरावांना १८८८ साली पक्षाघात झाला. उजवा हात गेला, तर डाव्या हातानं लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पूर्ण केलं. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली आलं. शेवटच्या काळात घरात पैशाची इतकी ओढ होती की मामा परमानंदांनी सयाजीराव गायकवाडांकडे मदतीसाठी शब्द टाकला. एकेकाळी पुलांची आणि धरणांची कामं केलेला माणूस सार्वजनिक आयुष्यातून जाताना असा गेला. आज नगरसेवकपदाची एक टर्म झाली की घरापुढं उभी राहणारी गाडी बघा, आणि मग ‘जोतीरावसुद्धा कंत्राटदारच होते’ हे वाक्य पुन्हा म्हणून बघा.

जोतीरावांना मला देव्हाऱ्यात बसवायचं नाही. ते नफ्यासाठी धंदा करत होते, मजूर लावत होते. आपण कंत्राटदार झालो तर आपणही नफा घेणार. गरीब मरणं ही काही पात्रता नाही, आणि आपल्या पोरांनी तसं मरावं अशी माझी इच्छा नाही. माझं म्हणणं एवढंच की जोतीरावांचं नाव घ्यायचं असेल तर मापही त्यांचंच लावा.

ते माप मी भाच्याला सोप्या प्रश्नांत सांगितलं.

पहिला प्रश्न, पैसा कुठून आला? आपल्या वस्तीतला सिमेंट रस्ता ‘भाऊंनी दिला’ असं फलकावर लिहिलेलं आहे. तो दलित वस्ती सुधार योजनेतून झालेला आहे. म्हणजे तो पैसा आपल्या नावानं आलेला, आपल्यासाठीच आलेला. भाऊंनी त्याचं काम केलं आणि नफा घेतला. आभार मानायचेच असतील तर त्यांनी आपले मानायला हवेत.

दुसरा प्रश्न, हजेरीपटावर कोण आहे? त्या कामावरचे मजूर कुठले, त्यांना ठरलेली मजुरी मिळाली का, कुणी पडून जखमी झाला तर दवाखान्याचा खर्च कुणी केला? वस्तीत रात्री ॲम्ब्युलन्स पाठवणारा माणूस आपल्या साइटवरच्या मजुराला हेल्मेट आणि बूट देतो का, हे इंजिनिअर असलेल्या तुला एका दिवसात दिसेल.

तिसरा प्रश्न, खुर्चीवर बसल्यावर कंत्राटाचं काय? महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ नुसार नगरपरिषदेच्या कामात ज्याचा हितसंबंध आहे, त्याला सदस्य राहता येत नाही. कायदा स्पष्ट आहे. म्हणून मग कंपनी मेव्हण्याच्या नावावर जाते, बिल मेव्हण्याचं निघतं आणि त्यावर ठराव भाऊजींचा होतो. भाऊ निवडून आले तर नगरपरिषदेची कामं कुणाच्या नावावर जाणार, हे त्यांना आत्ताच, चारचौघांत विचार.

चौथा प्रश्न, त्यांनी आजवर कधी ‘नको’ म्हटलं आहे का? स्वतःचं नुकसान होईल अशा जागी, एकट्यानं? एक प्रसंग सांगा म्हणावं. एकच.

भाचा बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, “मामा, हे सगळं बरोबर आहे. पण हे विचारलं तर नोकरी जाईल. आणि तुम्ही काही अठरा हजार देणार नाही.” त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. जे आहे ते सांगत होता. माझ्या बहिणीनं त्याच्या शिक्षणासाठी काढलेलं कर्ज अजून फिटायचं आहे, आणि मी इथं बाराशे-पंधराशे किलोमीटरवर पक्क्या नोकरीत बसून उपदेश करतो आहे. ह्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पहिल्या पिढीच्या पदवीधराला सगळ्यात आधी घर चालवावं लागतं. ज्यांचे बाप-आजे शिकलेले, त्यांच्या पोरांना तत्त्व परवडतात. आपल्याला त्यासाठी आधी किराणा भरावा लागतो.

म्हणून मी त्याला नोकरी नाकार असं म्हटलं नाही. मी म्हटलं, दोन गोष्टी वेगळ्या कर. काम हे काम. तू डिग्री घेतली आहेस, भाऊ पगार देतील, तू त्यांच्या रस्त्याची लेव्हल बघ. तो सौदा बरोबरीचा आहे, त्यात कुणाचे उपकार नाहीत. पण वस्तीतल्या पोरांची मतं तुझ्या पगारात बसत नाहीत. ती तुझी नाहीतच, तू ती कशी विकणार? भाऊंना सांग, इंजिनिअर म्हणून येतो, कार्यकर्ता म्हणून नाही. त्यावर ते नोकरी देतात की नाही, ह्यातच त्यांना इंजिनिअर हवा होता की आपली वस्ती, हे कळेल.

त्यानं भाऊंना काय सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही. तो त्याचा निर्णय आहे आणि तो जो घेईल त्याबद्दल मी त्याला घरी गेल्यावर टोमणे मारणार नाही.

पण त्याच्या निमित्तानं तुम्हा सगळ्यांना, जे घरातले पहिले इंजिनिअर, पहिले वकील, पहिले बी.कॉम. आहात, त्यांना एक सांगायचं आहे. हुगळीच्या त्या घाटावरून गेलेल्यांनी जे कंत्राट वाचता येत नव्हतं त्यावर अंगठा लावला. माझ्या वडिलांनी जो हजेरीपट वाचता येत नव्हता त्यावर लावला. तुम्हाला वाचता येतं. अंदाजपत्रक वाचता येतं, एमबी बुकातलं मोजमाप वाचता येतं, उमेदवाराच्या शपथपत्रातली मालमत्ता मागच्या वेळच्या शपथपत्राशी ताडून बघता येते, माहिती अधिकाराचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिता येतो. त्याला दहा रुपयांचं तिकीट लागतं. रस्त्याची जाडी कागदावर सहा इंच असेल आणि जागेवर चार, तर तो दोन इंचांचा फरक कुणाच्या खिशात गेला, हे विचारायला मोठं भाषण लागत नाही. टेप लागते.

जोतीरावांनी तेच केलं. कंत्राटदारीत राहून त्यांनी मोजायला शिकून घेतलं आणि मग सगळ्यांसमोर मोजून दाखवलं. तुमच्या गावातल्या भाऊंनी त्यांचं नाव घेतलं तर खूश व्हा, टाळ्याही वाजवा. आणि मग खिशातून टेप काढा.

जय भीम, जय जोती.